उघड्या दाराची गाडी

मुल्लानपूर हे नाव महाराष्ट्रात फारसे कोणाच्या कानावरून गेलेले असण्याचे कारण नाही. चंदीगडच्या वेशीला लागून, परंतु पंजाबच्या हद्दीत, शिवालिकच्या टेकड्यांकडे तोंड करून वसलेले हे जुने गाव. त्याच्या अवतीभवती आता 'नवे चंदीगड' आकार घेत आहे. रुंद रस्ते, क्रिकेटचे भव्य मैदान आणि २०२२ साली सुरू झालेले होमी भाभा कर्करोग रुग्णालय ही त्याची आजची ओळख. हे रुग्णालय परळच्या टाटा मेमोरियल सेंटरचेच अंग असल्यामुळे येथे अधूनमधून मराठी बोलणे कानी पडते. आणि परमुलखात चार मराठी माणसे एकत्र आली की बोलणे कोठूनही निघो, ते अखेरीस पाऊस, मासळी किंवा लोकल यांपैकी एकावर येऊन थांबते.

परवा ते लोकलवर आले, त्यास निमित्त मेट्रोचे झाले. चंदीगड, मोहाली आणि पंचकुला या तीन शहरांस जोडणारी मेट्रो असावी, ही कल्पना नवी नाही. दिल्ली मेट्रो महामंडळाने २०१२ साली तिचा आराखडा सिद्ध केला. २०१७ साली तो बासनात गेला. २०२३ नंतर विषय पुन्हा वर आला, आणि या नव्या मांडणीत एक मार्ग मुल्लानपूरच्या बाजूने निघून पंचकुल्यास जावा असे दाखविलेले होते. ज्यांनी आयुष्य फायलींत घालविले आहे अशा आमच्या वाचकांस या फेऱ्यांचे नवल वाटणार नाही. परंतु या मांडणीत दोन डब्यांची गाडी पुरेल असे अनुमान होते, आणि तेथेच आमच्यातील एक डोंबिवलीकर गृहस्थ खदखदून हसले. बारा डब्यांहून लहान असेल ती गाडी त्यांच्या लेखी खेळण्यातली.

त्यांच्या हसण्यात आम्हीही सामील झालो. मागाहून मात्र विचार आला, की गाडीला डबे किती, डबा रुंद किती आणि त्याला दार कसले, हे ठरते कशावरून? मुंबईच्या लोकलला ज्यांनी जन्मभर शिव्या दिल्या आणि दूर गेल्यावर जन्मभर आठवणी काढल्या, त्या आपण मंडळींनी तिच्या घडणीचा इतिहास क्वचितच पाहिला आहे.

शहरी आगगाडीचे बहुतेक प्रकार भुयाराच्या मापातून जन्मास आले. लंडनमध्ये १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी जगातील पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली, ती रस्ता उकरून, रूळ टाकून आणि वर छत घालून केलेली होती. जागा ऐसपैस, म्हणून साधी वाफेची गाडीच तेथे चालू शकली, अर्थात धुरासकट. पुढे १८९० साली खोल मातीच्या पोटातून नळीसारखा गोल बोगदा काढून गाडी नेण्यात आली, तेव्हा वाफ चालण्यासारखी नव्हती. विजेचे इंजिन आले, आणि डबे इतके चिंचोळे व त्यांच्या खिडक्या इतक्या नाममात्र झाल्या, की लोकांनी त्यांस वेड्यांच्या इस्पितळातील गाद्या लावलेल्या कोठडीची उपमा दिली. १८९७ साली अमेरिकेत फ्रँक स्प्रेग याने शिकागोच्या उन्नत रेल्वेवर आणखी एक पाऊल टाकले: मोटारी डब्यांच्याच खाली बसवावयाच्या आणि गाडीभरच्या सर्व मोटारी पुढे बसलेल्या एकाच माणसाने चालवावयाच्या. स्वतंत्र इंजिनाची गरज संपली. गाडी शेवटच्या स्टेशनात आली की चालकाने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जावे, एवढ्यानेच तिचे तोंड फिरते. मुंबईचा मोटरमन हा याच युक्तीचा वारस होय.

दाराची गोष्ट याहून मनोरंजक आहे. लंडनच्या या नळीगाड्यांच्या डब्यांना आरंभी टोकाशी जाळीची फाटके असत आणि ती उघडण्या-मिटण्यास माणसे नेमलेली असत. माणसे कमी करावी, गाडी लवकर सुटावी, या हेतूने १९२० साली पिकॅडिली मार्गासाठी हवेच्या दाबावर उघडझाप करणाऱ्या दारांचे नवे डबे बांधून घेण्यात आले. बांधणारा कारखाना कॅमेल लेअर्डचा. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता मुंबईकडे वळू. १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी सर्वांस ठाऊक आहे. तिच्यावर पुन्हा लिहिण्याचे प्रयोजन नाही. उपनगरी वाहतुकीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा दिवस १२ एप्रिल १८६७. त्या दिवशी बी. बी. सी. आय. रेल्वेची गाडी विरारहून बॅक बेपर्यंत आली. वाफेच्या त्या काळात डब्याची रचना विलायती वळणाची होती: डब्याचे आडवे खण पाडलेले आणि प्रत्येक खणाला त्याचे बिजागरीचे दार. बसणाऱ्याने बसावे, दार ओढून घ्यावे आणि उतरताना हात बाहेर काढून कडी काढावी. प्रवासी मोजके आणि वेळ मुबलक, अशा समाजाची ती गाडी होती.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास हार्बर मार्गाने हिंदुस्थानातील पहिली विजेची गाडी निघाली. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी तिचा प्रारंभ केला. वर १५०० व्होल्टांची एकदिश वीज, खाली चार डबे. ते डबे कोठे बांधले गेले? काही जर्मनीतील उर्डिंगेनच्या कारखान्यात आणि काही कॅमेल लेअर्डच्या. ज्या कारखान्याने पाच वर्षांपूर्वी लंडनसाठी आपोआप मिटणारी दारे केली, त्याच कारखान्याचे डबे मुंबईस आले ते तसल्या दारांवाचून. यात कोणाचे कपट होते असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. लंडनची गाडी नळीतून जात होती. दाराबाहेर हातभर अंतरावर बोगद्याची भिंत होती. तेथे दार मिटलेले असणे ही पहिली अट. मुंबईची गाडी उघड्यावरून, खाडीच्या वाऱ्यातून जाणारी. उकाड्याच्या मुलखात दार मिटून चार माणसांना कोंडावे कशासाठी? १९२५ साली हा विचार शहाणपणाचाच होता. तो शहाणपणाचा कधी राहिला नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर डब्यांच्या संख्येत मिळते.

मध्य रेल्वेवर १९२५ साली चार डबे होते, १९२७ साली आठ झाले. १९६१ साली मुख्य मार्गावर नऊ डब्यांची गाडी आली, १९८६ साली बारांची आणि २०१२ साली पंधरांची. पश्चिम रेल्वेने (कुलाबा ते बोरिवली हा तिचा भाग ५ जानेवारी १९२८ रोजी विजेवर आला) पंधरा डब्यांची गाडी त्याआधी, २००९ साली, आणली होती. या आकड्यांकडे निरखून पाहिले की एक गंमत दिसते: आरंभी चाराचा पाढा आहे आणि १९६१ नंतर तिनाचा. एक मोटार-डबा आणि त्याच्या जोडीला दोन साधे डबे असा तिघांचा एक गट. असे तीन गट जोडले की नऊ, चार जोडले की बारा, पाच जोडले की पंधरा. ओढणारे आणि ओढले जाणारे यांचे प्रमाण असे ठेवले की गाडी लांब झाली तरी जड होत नाही; स्टेशनातून ती तितक्याच झटक्याने सुटते. मुंबईत दोन स्टेशनांमधले अंतर पुष्कळदा दोन-तीन मिनिटांचे. तेथे गाडीचा कमाल वेग दुय्यम, ती सुटते कशी आणि थांबते कशी यालाच महत्त्व. हे डबे पुढे परदेशातून येईनासे झाले. कलकत्त्याच्या जेसॉप कंपनीने आणि १९५५ साली सुरू झालेल्या पेरांबूरच्या कारखान्याने ते बांधावयास घेतले, आणि आज मुंबईकर ज्यात बसतो, वा बसण्याची आशा करतो, तो डबा बहुधा पेरांबूरचाच असतो.

डबा लांबीने वाढला, तसा तो रुंदीनेही थोर आहे. लांब पल्ल्याच्या मेलगाडीचा जुना पेरांबुरी डबा सुमारे सव्वातीन मीटर रुंद. लोकलचा डबा ३.६६ मीटर, म्हणजे पुरा बारा फूट. लंडनच्या जुन्या खोल बोगद्यांचा नेहमीचा व्यास ३.५६ मीटर आहे. म्हणजे आपल्या लोकलचा एक डबा लंडनच्या नळीत घालावयाचे म्हटले तर गाडीच काय, तिच्या सभोवारचे भुयारही आधी मोठे करावे लागेल! या रुंदीतूनच मुंबईच्या एका थोर संस्थेचा जन्म झाला: चौथी सीट. बाक तिघांचा, परंतु चौथ्याने 'जरा सरका' म्हणावे, तिघांनी न बोलता सरकावे आणि चौथ्याने अर्ध्या मांडीवर अंबरनाथपर्यंत जावे, हा अलिखित कायदा कोणत्याही विधिमंडळाने केलेला नाही आणि तो मोडलेला आम्ही पाहिलेला नाही. दिल्लीच्या गाडीत लांबलचक बाक भिंतीला टेकून असतो. तेथे चौथ्या सीटला जागाच नाही. आमच्या मते मराठी अधिकाऱ्यास दिल्लीत जे परकेपण वाटते त्याचे एक कारण हेही असावे. असो.

परंतु रुंदीलाही मर्यादा असते. गर्दी मोजणारे लोक चौरस मीटरमागे उभी माणसे किती हे धरतात. मुंबईच्या ऐन वेळेच्या गाडीत हा आकडा चौदा ते सोळांपर्यंत जातो असे सांगतात, आणि या स्थितीसाठी नेहमीच्या परिभाषेत शब्द नव्हता म्हणून नवा बनवावा लागला. आता १९२५ च्या विचाराकडे परत जाऊ. वारा यावा म्हणून उघडे ठेवलेले दार आता वाऱ्यासाठी उरले नाही. ते डब्याचाच एक भाग झाले. आत जे मावत नाहीत ते दारात मावतात, आणि दारात जे मावत नाहीत ते दाराबाहेर. गाडीची क्षमता अशी दाराबाहेर वाढत गेली आणि हिशेबात ती कोठेच दिसली नाही. दरवर्षी या उपनगरी मार्गांवर दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडत आली आहेत. त्यांतील बहुतेक रूळ ओलांडताना जातात हे खरे. तथापि गाडीतून पडून जाणाऱ्यांचा वाटाही लहान नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या शेजारून जात असताना दारांशी लटकलेली माणसे खाली पडली, त्यांतील काही दगावली. त्या बातमीने देश हळहळला. मुंबईकरास मात्र तिच्यात नवे काही नव्हते. नवे होते ते एवढेच, की इतके एका वेळी पडले.

दार मिटावयाचे का नाही, याचे ठराविक उत्तर वर्षानुवर्षे दिले गेले: वातानुकूलन नसता दार मिटले तर माणसे गुदमरतील. या उत्तरात तथ्य आहे. २००७ पासून जे नवे रेक मुंबईत आले (पेरांबूरने बांधलेले, सीमेन्सची विद्युत्-सामग्री असलेले, जांभळ्या-पांढऱ्या रंगाचे), त्यांच्या टपावर हवा आत ढकलणारी यंत्रे बसवावी लागली; कारण गर्दीच्या डब्यात, दारे सताड उघडी असतानाही, श्वासातून निघणारा दूषित वायू फार साठतो असे आढळले होते. दार उघडे असता ही गत, तर मिटल्यावर काय?

तथापि या उत्तराला एक प्रत्युत्तर या देशातच, १९८४ पासून, रोज धावत होते. २४ ऑक्टोबर १९८४ रोजी कलकत्त्यास एस्प्लनेड ते भवानीपूर अशी भारतातील पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली. तिचे डबे पेरांबूरचेच. रूळ आपल्यासारखेच पाच फूट सहा इंचांचे. परंतु डबा अवघा पावणेतीन मीटर रुंद, कारण भुयार जितके लहान तितका खर्च कमी. वीज वरच्या तारेऐवजी रुळाशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून. आणि वातानुकूलन नव्हते. वातानुकूलित गाड्या तेथे २०१० साली आल्या, आणि साध्या गाड्यांपैकी शेवटची २०२१ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. म्हणजे सदतीस वर्षे कलकत्त्याचा माणूस बिनवातानुकूलित डब्यातून, मिटलेल्या दारांमागे, केवळ यंत्राने ढकललेल्या हवेवर प्रवास करीत होता. उकडत होते, यात शंका नाही. परंतु दारातून पडून कोणी मेला नाही, कारण दारात कोणी उभाच राहू शकत नव्हता. कोणी म्हणेल, मुंबईची गर्दी कलकत्त्याच्या भुयारात नव्हती. मान्य. परंतु 'कठीण आहे' आणि 'अशक्य आहे' यांत अंतर असते, आणि सरकारी टिपणांत ते अंतर किती सहज पुसले जाते हे आम्ही वाचकांस सांगावे असे नाही.

आमच्या समजुतीप्रमाणे खरी अडचण हवेची नव्हती. ती सेकंदांची होती. लोकल स्टेशनात थांबते ती मोजकी वीस-तीस सेकंद. तेवढ्यात शेकडो माणसे उतरतात आणि तितकीच चढतात. कित्येक तर गाडी पुरती थांबण्यापूर्वी आणि सुटल्यानंतर. आपोआप मिटणाऱ्या दाराला पुरती थांबलेली गाडी हवी; मिटताना कोणाची पिशवी, कोणाचा खांदा अडकला तर पुन्हा उघडावयास हवे. प्रत्येक स्टेशनावर दहा-पंधरा सेकंद अधिक गेली, तर विसाव्या स्टेशनापर्यंत मागच्या दोन गाड्या पाठीशी येऊन भिडतील. म्हणजे दार मिटले तर गाड्यांची संख्या घटते, संख्या घटली तर गर्दी वाढते, आणि वाढल्या गर्दीत दार मिटत नाही. हा फेरा गाडीचा प्रकार बदलून एकट्याने सुटणारा नव्हता. त्यासाठी वीज, संकेत, फलाट सगळेच बदलणे भाग होते.

त्यांपैकी वीज बदलली. १५०० व्होल्टांच्या एकदिश विजेवर दाट आणि जलद गाड्या चालविणे अवघड; म्हणून २५,००० व्होल्टांच्या प्रत्यावर्ती विजेकडे जाण्याचे ठरले. चालत्या शहराखालची वीज बदलणे म्हणजे चालत्या माणसाचे जोडे बदलणे. मध्यंतरीच्या काळासाठी दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारे रेक करावे लागले. वर उल्लेखिलेले जांभळे रेक त्याच जातीचे. पश्चिम रेल्वे २०१२ साली, मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग २०१५ साली आणि हार्बर मार्ग एप्रिल २०१६ मध्ये बदलला. जुन्या विजेवरची शेवटची लोकल ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ला-मुंबई या मार्गावर धावली. १९२५ ची पहिली गाडी ज्या मार्गाने गेली होती, त्याच मार्गावर. काही हौशी मंडळी रात्री मुद्दाम तिच्यात बसावयास गेली होती असे वाचल्याचे आठवते. आम्ही तेव्हा दूर होतो, याची हळहळ वाटते.

२५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल निघाली. ती आधी मध्य रेल्वेला मिळावयाची होती. परंतु तिची उंची तेथील ब्रिटिश अमदानीतील पुलांखालून जाण्याइतकी कमी नव्हती, म्हणून ती पश्चिमेकडे वळली. मध्य रेल्वेवर तशी गाडी २०२० साली आली. दारे मिटली, वाद मात्र उघडले. भाडे साध्या दुसऱ्या वर्गाच्या कितीतरी पट. मे २०२२ मध्ये एकेरी तिकिटाचा दर निम्मा केला तरी सामान्य पासधारकास ते परवडेना. वेळापत्रकातील साध्या गाडीच्या जागी वातानुकूलित गाडी घातली की साध्या गाडीचे प्रवासी पुढच्या साध्या गाडीच्या दाराशी लटकणार, हा हिशेब कळवा आणि बदलापूर येथील प्रवाशांनी बरोबर ओळखला; ऑगस्ट २०२२ मध्ये ते रुळांपाशी उतरले आणि मध्य रेल्वेला दहा वातानुकूलित फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. वरवर पाहता जीव वाचविणाऱ्या गाडीला लोकांनीच विरोध केला असे दिसते. तसे ते नव्हते. ज्याला दार मिटलेली गाडी परवडत नाही त्याच्यासाठी दार अधिकच उघडे राहत होते.

मुंब्र्याच्या अपघातानंतर, जून २०२५ मध्ये, रेल्वेने जाहीर केले की बिनवातानुकूलित लोकलनाही आपोआप मिटणारी दारे बसविण्यात येतील. दारांना हवा खेळण्यासाठी झडपांच्या फटी, टपावर हवा ढकलणारी यंत्रे आणि डब्यातून डब्यात जाण्यास वाट, असा तो नमुना. यातील पहिल्या दोन गोष्टींत कलकत्त्याच्या १९८४ च्या गाडीशी असलेले नाते लपत नाही. तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते, आणि तिची चर्चा सर्वांत कमी झाली. आज एका डब्यात श्वास घेण्यास जागा नसते आणि शेजारच्या डब्यात तितकी दाटी नसते, परंतु मध्ये भिंत असते. दिल्लीच्या गाडीत २००२ पासून माणसे चालत्या गाडीत पुढेमागे सरकतात आणि गर्दी पाण्यासारखी आपली पातळी आपणच शोधते. मुंबईच्या डब्यांना ती वाट मिळाली, तर दाराशी होणारा रेटा थोडा तरी ओसरेल.

दरम्यान मुंबईच्याही पोटात भुयार झाले. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा भाग ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि कफ परेडपर्यंतचा पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला झाला. साडेतेहेतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानके, त्यांपैकी सव्वीस जमिनीखाली. आठ डब्यांच्या गाड्या आंध्र प्रदेशातील श्रीसिटी येथे आल्स्टॉमच्या कारखान्यात झाल्या. येथे दारे दुहेरी आहेत: एक गाडीचे आणि एक फलाटाच्या कडेला उभ्या केलेल्या काचेच्या भिंतीचे. गाडी येऊन नेमक्या जागी उभी राहिल्याशिवाय दोन्ही उघडत नाहीत. वर, अगदी थोड्या अंतरावर, चर्चगेटकडे जाणारी लोकल दारे सताड उघडी ठेवून धावत असते.

आमचे डोंबिवलीकर गृहस्थ हे सर्व ऐकून घेत होते. मुल्लानपूरच्या दोन डब्यांविषयी त्यांचे मत बदलले नाही. मात्र त्यांनी एक कबुली दिली. सरकारी कामासाठी त्यांना वरचेवर दिल्लीस जावे लागते, आणि तेथे मेट्रोत चढल्यावर, डबा निम्मा रिकामा असला तरी, त्यांचे पाय आपोआप दाराकडे वळतात. दार मिटते. ते काचेला नाक लावून बाहेरचा काळोख पाहत उभे राहतात, आणि त्यांचा उजवा हात बराच वेळ डोक्याच्या वर, दाराच्या कडेला नसलेला दांडा शोधत असतो.